गाणे आणि संवाद यांसाठी एकच ध्वनिक्षेपक : निवडीची काही ध्वनिवैज्ञानिक तत्त्वे

१

शेगावसारख्या गावातील मध्यमवर्गीय घरात ध्वनियंत्र येते ते दुहेरी कामासाठी. पहाटे त्यावर अभंग लागतात, किंवा दासगणूंच्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथातील एखादा अध्याय लागतो. आणि रात्री त्याच यंत्रातून चित्रपटाचा आवाज यावा, अशी घरच्यांची अपेक्षा असते. दोन कामांसाठी दोन यंत्रे घेण्याची ऐपत नसते आणि खोलीही एकच असते. अशा वेळी दुकानदार एका खोक्यात पाच लहान ध्वनिक्षेपक आणि एक मोठा वूफर असलेला संच पुढे करतो व ‘यात दोन्ही होते’ असे सांगतो. सहा नग दोन नगांच्या किमतीत मिळतात, हे पाहून गिऱ्हाईकही समाधान पावते.

प्रस्तुत लेखकाच्या शेगावच्या घरी असाच एक संच आला होता. पहिल्या रात्री विमानांचे व तोफांचे आवाज ऐकून मुले हरखली. आठ-पंधरा दिवसांनी वृद्ध मातोश्री मात्र चित्रपट लागला की उठून आत जाऊ लागल्या. कारण विचारता त्यांनी वऱ्हाडीत एवढेच सांगितले, “आवाज तं लय मोठा येते, पन तो काय बोलते ते समजत नाई.” आवाज मोठा असणे आणि शब्द समजणे या दोन भिन्न गोष्टी होत, हे भाषाविज्ञानाच्या अध्यापकास घरातूनच शिकावे लागले.

या लेखाचे प्रतिपाद्य असे की, मर्यादित खर्चात एकाच संचाकडून संगीत आणि चित्रपट ही दोन्ही कामे करून घ्यावयाची असतील, तर निवडीची पहिली कसोटी व्यंजनांची स्पष्टता ही असावी. या कसोटीस उतरणारी दोनच ध्वनिक्षेपकांची जोडी घ्यावी आणि उरलेले लक्ष खोलीकडे द्यावे. संगीतासाठी जे गुण लागतात, ते या कसोटीत बहुतांशी आपोआप तपासले जातात.

२

उच्चारित भाषेतील ध्वनिऊर्जा आणि अर्थभेद यांची वाटणी विषम असते. पुरुषाच्या कंठाची मूळ कंपनसंख्या सेकंदास सुमारे १०० ते १२०, स्त्रीची सुमारे २०० असते. स्वरांना त्यांचे रूप देणारे पहिले दोन अनुनादपट्टे साधारणतः ३०० ते २,५०० हर्ट्‌झ या टापूत पडतात. भाषणातील बहुतेक ऊर्जा १,००० हर्ट्‌झच्या खाली, म्हणजे स्वरांच्या ठिकाणी, एकवटलेली असते. तथापि शब्दाशब्दांतील भेद दाखविण्याचे काम मुख्यत्वे व्यंजने करतात आणि त्यांच्या खुणा वरच्या टापूत असतात. ‘स’च्या घर्षणाचा जोर ४,००० हर्ट्‌झच्या वर असतो, तर ‘श’चा त्याहून खाली. स्पर्शव्यंजनांचा स्फोट तर सेकंदाच्या काही शतांश भागात संपून जातो.

बेल प्रयोगशाळेतील फ्रेंच आणि स्टाइनबर्ग यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून ही वाटणी अंकांनी दिसली. १,९०० हर्ट्‌झच्या खालचाच भाग ऐकविला, किंवा वरचाच भाग ऐकविला, तरी दोन्ही वेळा श्रोत्यांना सुमारे दोनतृतीयांश अक्षरे ओळखता येत होती. म्हणजे वरच्या भागात ऊर्जा अगदी थोडी असूनही बोधाच्या दृष्टीने त्याचे मोल खालच्या भागाइतकेच ठरते. वयोमानानुसार ऐकू येणे कमी होते तेही वरच्या टापूपासून. त्यामुळे म्हाताऱ्या माणसास ‘आवाज येतो, शब्द कळत नाहीत’ असे होते. त्यावर आवाज वाढविण्याचा उपाय केला, तर मुख्यतः स्वर आणि पार्श्वसंगीत वाढते. व्यंजने होती तेथेच राहतात.

मराठीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. आपल्या लिपीत ‘च’ आणि ‘ज’ ही अक्षरे प्रत्येकी दोन ध्वनींसाठी वापरली जातात. ‘जग’ म्हणजे विश्व यातील ज तालव्य, तर ‘जग’ म्हणजे जिवंत राहा यातील ज दंततालव्य. ‘चार’ ही संख्या आणि ‘गुरांना चार’ यातील आज्ञार्थी क्रियापद यांतही हाच भेद आहे. लिहिताना न दिसणारा हा भेद कानानेच ओळखावा लागतो आणि तो घर्षणाच्या जोराचे स्थान वर की खाली यावर अवलंबून असतो. ज्या ध्वनिक्षेपकाचा वरचा टापू मंद आहे, तो या दोन ध्वनींना एकमेकांजवळ आणतो. ज्याचा तो टापू कृत्रिमरीत्या चढविलेला आहे, तो दोहोंनाही सारखाच सीत्कार जोडतो.

वऱ्हाडीचे उदाहरण याहून बोलके आहे. प्रमाण मराठीतील ‘डोळा’ वऱ्हाडीत ‘डोया’ होतो, ‘काळा’ ‘काया’ होतो. ळ आणि य यांतील फरक दुसऱ्या व तिसऱ्या अनुनादपट्ट्यांच्या हालचालीत, म्हणजे ढोबळमानाने १,००० ते ३,००० हर्ट्‌झच्या दरम्यान, राहतो. ज्यास बोलीचा अभ्यास ध्वनिमुद्रणावरून करावयाचा आहे, त्याच्या ध्वनिक्षेपकास या टापूत दोष असेल, तर बोलीतील वास्तव कोणते आणि यंत्राची भर कोणती, हे त्यास सांगता येणार नाही. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या निमित्ताने १९१३ ते १९२९ या काळात ग्रामोफोनवर झालेली मुद्रणे आज शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई अंकीय ग्रंथालयात ऐकता येतात. विद्युत्‌मुद्रण १९२५ नंतरचे. त्यापूर्वीच्या कर्ण्याच्या मुद्रणात घर्षकांचा बराचसा अंश मुळातच उतरलेला नाही. जे उतरले आहे, ते तरी आपल्या यंत्राने हरवू नये.

३

आता हा दोष यंत्रात कोठून येतो ते पाहू. घरगुती ध्वनिक्षेपकाच्या पेटीत बहुधा दोन घटक असतात. खालच्या स्वरांसाठी पाच ते साडेसहा इंचांचा वूफर आणि वरच्यासाठी सुमारे एक इंचाचा ट्वीटर. या दोहोंत ध्वनीची वाटणी करणाऱ्या मंडलास क्रॉसओव्हर म्हणतात. ही वाटणी बहुतेक पेट्यांत २,००० ते ३,००० हर्ट्‌झच्या आसपास केलेली असते, म्हणजे जेथे ळ आणि य यांचा निवाडा होतो, नेमक्या त्याच टापूत. चांगल्या पेटीत हा सांधा कळून येत नाही. स्वस्त पेटीत क्रॉसओव्हरच्या जागी अनेकदा एकटे धारित्र असते. दोन्ही घटक एकाच वेळी वाजून परस्परांना छेद देतात आणि समोरून किंचित बाजूस सरकले की आवाज बदलतो. खोक्यातील संचाच्या पाच लहान पेट्यांत तर पुष्कळदा दोन-तीन इंचांचा एकच घटक असतो. त्याला मंद्र झेपत नाही, म्हणून तेवढे काम मोठ्या वूफरकडे जाते. आणि मधला भाग, जो पुरुषी आवाजाचा भरीवपणा होय, तो दोघांच्या सीमेवर उपाशी राहतो.

फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि पुढे हरमन कंपनीत कित्येक वर्षे ध्वनिक्षेपक पडद्याआड ठेवून श्रोत्यांच्या चाचण्या घेतल्या. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा की, नाव, किंमत आणि आकार दिसत नसताना बहुतेक श्रोते एकाच प्रकारच्या ध्वनिक्षेपकास पसंती देतात; ज्याचा प्रतिसाद समोरून सपाट आहे आणि बाजूंनाही समप्रमाणात उतरत जातो, तो त्यांना आवडतो. ‘संगीताचा स्पीकर’ आणि ‘चित्रपटाचा स्पीकर’ अशा जाती बाजाराने पाडलेल्या आहेत. चांगल्या ध्वनिक्षेपकाचे मूळ गुण दोहोंकडे तेच.

आपल्या संगीतानेही याची परीक्षा घेता येते. तंबोऱ्याच्या जवारीमुळे एका तारेतून उपस्वरांची लांब मालिका निघते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२०च्या सुमारास भारतीय तंतुवाद्यांवर आणि मृदंग-तबल्यासारख्या वाद्यांवर लिहिताना या उपस्वरांकडे लक्ष वेधले होते. पेटीच्या लाकडात अथवा घटकात कोठे अवांछित अनुनाद असेल, तर तंबोऱ्याच्या अखंड गुंजनातून एखादाच उपस्वर बाहेर डोकावतो आणि दोष उघडा पडतो. दिंडीतील भजनात टाळ वरच्या टापूची परीक्षा घेतो आणि मृदंगाचे डावे अंग खालच्या टापूची. टाळ काचेसारखा कर्कश वाजला, किंवा मृदंगाच्या वेगवेगळ्या थापा एकाच ‘धब्’मध्ये मिसळल्या, तर त्या यंत्रावर चित्रपटातील संवादही नीट येणार नाही, हे समजावे.

४

खर्चाची वाटणी गणितानेच पाहावी. समजा, ध्वनिवर्धक वगळून ध्वनिक्षेपकांसाठी १८,००० रुपये बाजूला काढले आहेत. ते सहा नगांत वाटले, तर प्रत्येकास ३,००० रुपये येतात. दोन नगांत वाटले, तर ९,०००. घटक, क्रॉसओव्हर आणि पेटीचे लाकूड या तिन्हींचा दर्जा या आकड्यावर ठरतो. दोन चांगल्या पेट्यांत पुढे तिसरी आणि चौथी मिळविता येते. सहा सुमार पेट्यांतून दोन चांगल्या काढता येत नाहीत.

दोनच पेट्यांनी चित्रपट ऐकता येईल काय, हा प्रश्न साहजिक आहे. ॲलन ब्लमलाइन याने १९३१ साली स्टिरिओ मुद्रणाच्या एकस्वासाठी अर्ज केला, तेव्हा त्याच्या मनात बोलपटही होता. दोन ध्वनिक्षेपकांच्या बरोबर मध्ये बसलेल्या श्रोत्यास पात्राचा आवाज पडद्याच्या मध्यातून आल्याचा भास होतो. प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ मुळात एकाच वाहिनीचा आहे; त्यास पाच पेट्या देऊन काहीच साधत नाही. २०१६ सालच्या ‘सैराट’मध्ये करमाळ्याकडची बोली आहे आणि अजय-अतुल यांनी अमेरिकेत मुद्रित केलेला पाश्चात्त्य वाद्यवृंदही आहे. संगीत आणि संवाद ही दोन्ही कामे एकाच चित्रपटात तपासावयाची, तर याहून सोयीचे उदाहरण मराठीत क्वचित मिळेल.

दोन पेट्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. कडेला बसलेल्यास आवाज जवळच्या पेटीतूनच येतो असे वाटते. शिवाय मध्याचा भास दोन पेट्यांच्या आवाजांतून निर्माण होत असल्याने प्रत्येक कानावर दोन्हींचा ध्वनी किंचित अंतराने पोहोचतो आणि त्यामुळे सुमारे २,००० हर्ट्‌झच्या ठिकाणी थोडी घट येते. म्हणून घरात चार-पाच माणसे रुंद पसरून बसत असतील, तर पुढच्या वर्षी मधली पेटी घ्यावी. ती पहिल्या जोडीच्याच मालिकेतील असावी. त्यानंतर ८० हर्ट्‌झच्या खालच्या भागासाठी वूफर आणि सर्वांत शेवटी मागच्या पेट्या. पुढे जाऊन वाढ करण्याचा विचार पक्का असेल, तर ध्वनिवर्धक आरंभीच बहुवाहिनी घ्यावा. नसेल, तर साधा दोन वाहिन्यांचा पुरे.

येथे एक व्यावहारिक सूचना. दोनच पेट्या असताना दूरचित्रवाणी संचाच्या ध्वनी-मांडणीत ‘स्टिरिओ’ किंवा ‘पीसीएम’ हा पर्याय निवडावा. मग मधल्या वाहिनीतील संवाद दोन्ही पेट्यांत समान वाटला जातो. यंत्रास पाच पेट्या आहेत असे सांगून ठेवले, तर संवाद नसलेल्या पेटीकडे जातात आणि पार्श्वसंगीत तेवढे ऐकू येते. चांगल्या यंत्रास दोष देण्यापूर्वी हे तपासावे.

ध्वनिवर्धकाच्या शक्तीविषयी बाजारात फार गैरसमज आहेत. ‘पीएमपीओ’ म्हणून छापलेल्या हजारो वॉटांस कोणतेही निश्चित मानक नाही. अखंड देता येणारे, म्हणजे ‘आरएमएस’ वॉट तेवढे पाहावेत. पेटीची संवेदनशीलता ८६ डेसिबेल असेल, तर एका वॉटला एक मीटरवर ८६ डेसिबेल मिळतात. अडीच मीटरवर ते सुमारे ७८ होतात आणि दोन पेट्यांचे मिळून ८१. साध्या संभाषणाची पातळी ६०-६५ असते, म्हणजे एक वॉटही बहुतेक वेळ पुरतो. शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबेल वाढतात. ३२ वॉटांना ९६ डेसिबेल होतात. घरगुती खोलीत ३० ते ५० खरे वॉट पुष्कळ झाले. संवेदनशीलतेत ३ डेसिबेलचा लाभ झाला, तर तो दुप्पट वॉटांइतका मोलाचा आहे, हे ध्यानात ठेवावे.

५

ध्वनिक्षेपकाइतकाच खोलीचा वाटा असतो आणि तो सुधारण्यास खर्च सर्वांत कमी येतो. १२ फूट लांब, १० फूट रुंद व १० फूट उंच अशी खोली घेऊ. स्लॅब, गिलावा आणि शहाबादी फरशी. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबाइन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बैठकीच्या गाद्या आत-बाहेर करून जे सूत्र शोधले, त्यानुसार निनादकाल हा खोलीच्या घनमीटरांस ०.१६१ने गुणून एकूण शोषणाने भागल्यास मिळतो. ही खोली ३४ घनमीटरांची. तिची पृष्ठे सुमारे ६३ चौरस मीटर. कठीण पृष्ठांचा शोषणांक ०.०३ धरला, तर शोषण १.९ आणि निनादकाल पावणेतीन सेकंदांहून अधिक येतो. एवढ्या वेळात वक्ता दहा-बारा अक्षरे उच्चारतो. मागील स्वराचा निनाद पुढील व्यंजनावर आच्छादन घालतो.

याच खोलीत सुमारे ८० चौरस फूट कापसाच्या गाद्या-गोधड्या आल्या आणि तीन माणसे बसली, तर कापसाचा शोषणांक ०.७ धरून एकूण शोषण आठच्या वर जाते आणि निनादकाल पाऊण सेकंदाच्या आत येतो. खामगाव-शेगावचा मुलूख कापसाचा. सच्छिद्र शोषक पदार्थ म्हणून कापूस उत्तम आहे आणि तो आपल्या दारातच पिकतो. समोरच्या मोकळ्या भिंतीवर टांगलेली जाड गोधडी, जमिनीवर सतरंजी आणि बैठकीस गादी एवढ्याने शब्द उजळतो. मात्र चार इंचांच्या गादीने मंद्र स्वर आवरत नाहीत. १२ फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्‌झला आणि १० फुटांच्या मापात ५६ हर्ट्‌झला खोली स्वतःच घुमते. वरील खोलीत रुंदी आणि उंची सारखीच असल्याने ५६ हर्ट्‌झचा घुमारा दुप्पट जाणवतो. त्यावर उपाय जागेचा. पेट्या कोपऱ्यात अथवा भिंतीतल्या कपाटात कोंबू नयेत. मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे घ्याव्यात. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीस आणावा. दोन पेट्या आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण साधावा. आणि आपली बैठक मागील भिंतीस चिकटवू नये.

विदर्भात आणखी एका गोष्टीचा विचार अपरिहार्य आहे. मार्च ते जून घरात कूलर चालतो. त्याच्या पंख्याचा आणि पाण्याचा सलग आवाज सर्व टापूंत पसरलेला असून दुर्बळ व्यंजनांना प्रथम गिळतो. संवाद सुखाने समजावेत यासाठी ते भोवतालच्या गोंगाटापेक्षा सुमारे १५ डेसिबेलने मोठे असावेत, असे वर्गखोल्यांच्या बाबतीत मानले जाते. कूलर श्रोत्याच्या कानाशी न ठेवता दूरच्या खिडकीत ठेवणे आणि चित्रपटाच्या वेळी पंख्याची गती एक पायरी उतरविणे, याचा लाभ नव्या ध्वनिक्षेपकाएवढा होऊ शकतो.

६

दुकानात परीक्षा कशी घ्यावी, हे सांगून लेख संपवितो. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यास बोधचाचणी नवीन नाही. तीच येथे वापरावी. परिचित व्यक्तीच्या आवाजात पन्नास सुटे शब्द साध्या मुद्रकावर मुद्रित करावेत. त्यांत ताट-पाट, सर-शर, दार-धार, काळा-काया अशा जोड्या असाव्यात आणि दोन्ही प्रकारचे च-ज यावेत. क्रम विस्कळीत करावा. त्यासोबत तंबोऱ्यावरील एक आलाप, टाळ-मृदंगाचे एक भजन आणि पार्श्वसंगीतावर संवाद असलेला चित्रपटातील एक प्रसंग घ्यावा. दोन यंत्रांची तुलना करताना आवाज समान पातळीवर आणावा, कारण एक-दोन डेसिबेलने मोठे वाजणारे यंत्र कानास उगीचच चांगले वाटते. कोणते यंत्र चालू आहे, हे लिहिणाऱ्यास कळू देऊ नये. शब्द उतरून घ्यावेत आणि चुका मोजाव्यात. शक्य असल्यास घरातील सर्वांत वृद्ध माणसास बरोबर न्यावे. यंत्राचा दोष तरुण कान झाकून नेतो, वृद्ध कान तो उघड करतो.

प्रस्तुत लेखकाच्या घरी तो खोक्यातील संच आता नाही. त्याच्या जागी साडेपाच इंची वूफरच्या दोन पेट्या, एक साधा ध्वनिवर्धक आणि भिंतीवर जुनी गोधडी आहे. विमाने व तोफा पूर्वीइतक्या गर्जत नाहीत, अशी मुलांची तक्रार आहे आणि ती खरीही आहे. मात्र परवा रात्री चित्रपट चालू असताना आवाजाची कळ सवयीने वर नेली, तेव्हा मातोश्री बैठकीवरूनच म्हणाल्या, “एवढ्या मोठ्यानं कायले लावतं? येते मले ऐकू.”